दुखण्याची शिकवणी

परदेशी भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांचा माणसाच्या प्रकृतीवर भलताच विश्वास असतो. पहिल्या धड्यात आपण नाव सांगतो, दुसऱ्यात स्टेशन कुठे आहे ते विचारतो, तिसऱ्यात टोमॅटो विकत घेतो आणि चौथ्यात आज हवा छान आहे असं एकमेकांना कळवतो. दहाव्या धड्यापर्यंत कुणाला साधी शिंक येत नाही. आजारपण येतं ते पार मागे, भूतकाळ आणि कर्मणी प्रयोग यांच्या मधल्या सांदीत, आणि तेही सर्दीच्या पुढे सरकत नाही. प्रत्यक्षात नव्या देशात उतरलेल्या माणसाचं पहिल्या पंधरवड्यात पोट बिघडतं. स्टेशन काय, कुणीही बोट करून दाखवतं. पोटात नेमकं काय चाललंय ते मात्र ज्याचं त्यालाच सांगावं लागतं.

केप टाउनच्या ज्या भागाला तिथे ‘उत्तरेची उपनगरं’ म्हणतात, तिथल्या बेलव्हिलमध्ये मी राहायला गेलो, तेव्हा इंग्रजीवर सगळं भागतं असं सगळ्यांनी सांगितलं होतं. भागतं, यात शंका नाही. बँकेत भागतं, दुकानात भागतं, ट्रॅफिक पोलिसापुढे तर फारच छान भागतं. पण ती तिथल्या पुष्कळ लोकांची कामाची भाषा आहे, कण्हण्याची नाही. कण्हायला त्यांना आफ्रिकान्स लागते. दक्षिण आफ्रिकेच्या २०११च्या जनगणनेत सुमारे ६९ लाख लोकांनी आपली घरची भाषा आफ्रिकान्स असल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांत गोऱ्यांपेक्षा तिकडे ज्यांना ‘कलर्ड’ म्हणतात त्या मिश्रवंशीय समाजाची माणसं जास्त होती. तेव्हा दवाखान्याच्या बाकावर शेजाऱ्याचं दुखणं समजून घ्यायचं असेल, आणि मराठी माणसाला ते समजून घ्यायचं असतंच, तर आफ्रिकान्सला पर्याय नव्हता.

मी संध्याकाळचा वर्ग लावला. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. आयुष्य वॉर्डात गेल्यामुळे पुस्तकातल्या धड्यांच्या क्रमाबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘वार इस दित सीर?’ म्हणजे, कुठे दुखतंय? नावगाव नंतर. आधी दुखणं.

उच्चारांनी मला फारसा त्रास दिला नाही. आफ्रिकान्समधला ‘ग’ हा आपला ग नव्हेच. तो घशाच्या तळातून खाकरून काढलेला ‘ख’ असतो. सकाळी मोरीपाशी उभं राहून घरातली वडीलधारी मंडळी जो आवाज काढत, त्याला या भाषेत व्याकरणाची मान्यता आहे. वर्गातल्या जर्मन मुलाला तो लगेच जमला, जोहान्सबर्गहून आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या बाईंना काही केल्या जमेना. मग त्यांना घशाचा संसर्ग झाला आणि त्या आठवड्यात त्यांचे उच्चार वर्गात सर्वोत्तम होते. बऱ्या झाल्यावर पुन्हा बिघडले.

व्याकरण तर आजारी माणसाची सोय पाहूनच बेतलेलं आहे. मराठीत दुखणं सांगायचं तर आधी दुखणाऱ्या अवयवाचं लिंग ठाऊक हवं. दात दुखतो, दाढ दुखते, डोकं दुखतं आणि डोळे दुखतात. ऐन कळांमध्ये परक्या माणसानं दात पुरुष आणि दाढ बाई हे आठवायचं कसं? आफ्रिकान्समध्ये शब्दांना लिंग नाही आणि क्रियापद कुणासाठी बदलत नाही. मी, तू, तो, आम्ही, सगळ्यांना एकच ‘इस’. ‘मेय कॉप इस सीर’, माझं डोकं दुखतंय. डोक्याच्या जागी पाठ घाला, दात घाला, दोन्ही डोळे घाला, वाक्य जागचं हलत नाही. एवढ्या एका वाक्यावर नखापासून केसापर्यंत सगळं शरीर दुखवून घेता येतं.

इथेच माझी पंचाईत झाली. सगळं शरीर एका शब्दात दुखायला लागलं, तर मराठी माणसानं आपल्या साठ्याचं करायचं काय? आपल्याकडे नुसतं दुखत नाही. दाढेत ठणका असतो, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, मान लचकते, गुडघ्यात चमक निघते, पोटरीत वांब येतो, छातीत जळजळतं, गळू ठसठसतं, खरचटलेलं चुरचुरतं, पायाला रग लागते आणि नव्या चपलेनं सोललेली टाच हुळहुळते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची प्रसिद्ध प्रश्नावली तयार केली. त्यांनी इंग्रजीतून वेदनेची ७८ विशेषणं निवडून त्यांचे वीस गट पाडले आणि वैद्यकाच्या जगात तिचं कौतुक झालं. आमच्या एखाद्या आत्याबाईंना त्यांनी गाठलं असतं, तर ७८वर आत्याबाई पाणी मागायला थांबल्या असत्या.

आफ्रिकान्समध्ये शब्द नाहीत असं नव्हे. वेदना टोचते, जळते, ठोके देते, कुरतडते. ती ‘स्केर्प’ म्हणजे तीक्ष्ण असते, नाहीतर ‘डॉफ’ म्हणजे बोथट. पण हे शब्द बहुधा डॉक्टर विचारतो आणि रोगी दोहोंपैकी एक निवडतो. आपणहून वर्णन करत बसणं तिथल्या जुन्या मंडळींना अवघड जातं. वर्गात एकदा डॉक्टर-रोगी असा संवाद करायचा होता. माझा जोडीदार काँगोहून आलेला तरुण, तो डॉक्टर. त्यानं विचारलं, कधीपासून दुखतंय? मी प्रामाणिक मराठी रोगी. मी परवाच्या जेवणापासून सुरुवात केली, काय खाल्लं, कुणाकडे खाल्लं, तेव्हाच मनात पाल कशी चुकचुकली होती, रात्री किती वाजता कूस बदलली आणि हे आमच्या घराण्यातच कसं आहे. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काँगोच्या डॉक्टरला म्हणाल्या, “पेशंट हुशार दिसतो. पण तेवढ्यात बाहेरचे चार जण घरी गेले.”

आमचे शेजारी म्हणजे याच्या नेमके उलट टोकाचे. त्यांना मी ‘ओम’ म्हणतो. ओम म्हणजे काका. कुणाही वयस्क पुरुषाला ओम म्हणायचं आणि बाईला तानी, म्हणजे मावशी. सुरुवातीला रस्त्यावर “ओम!” अशी हाक ऐकली की पुढे शांतिः शांतिः म्हणावंसं वाटे. तर हे ओम छपराची पन्हळ साफ करताना शिडीवरून पडले आणि हाताला प्लास्टर घालून घेऊन आले. मी कुंपणावरून विचारलं, “हू खान दित, ओम?” कसं काय काका?

“नी, खूत,” ओम म्हणाले. शब्दशः, ‘नाही, चांगलं.’

हे ‘नाही’ त्या भाषेचं खास वैशिष्ट्य आहे. सगळं ठीक आहे हे सांगतानाही वाक्याची सुरुवात नकारानं करतात. शिवाय खरा नकार असेल तर तो दोनदा लावतात, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी. ‘एक फूल नी लेकर नी’ म्हणजे मला बरं वाटत नाही. त्यातलं लेकर म्हणजे चविष्ट, छान, झकास. जेवण लेकर, झोप लेकर, हवाही लेकर. प्रकृतीची कुरकुर करताना तो माणूस एवढंच सांगतो की आज मी चविष्ट नाही, नाही.

दुखण्याला शून्य ते दहा असे गुण देण्याची पद्धत आता सगळीकडे आहे, तिथेही आहे. ओमना हाडाच्या डॉक्टरनं गुण विचारले. ओमनी दोन दिले. हात दोन जागी मोडला होता. मराठी माणसाला हाच प्रश्न विचारा. तो आधी डॉक्टरचा चेहरा निरखतो. तीन म्हटलं तर हा आपल्याला गंभीरपणे घेणार नाही आणि दहा म्हटलं तर अ‍ॅडमिट करील, असा हिशेब मांडून तो ‘साडेसात’ म्हणतो आणि लगेच पुस्ती जोडतो, “पण रात्री नऊपर्यंत जातं.”

दुखणं बारीक करून दाखवायचं व्याकरणातलं हत्यारही त्यांच्यापाशी आहे. शब्दाच्या शेवटी एक लघुत्वाचा प्रत्यय लावला की काहीही लहान होतं. पिल म्हणजे गोळी, तिची होते ‘पिलकी’. सुई टोचायची ती ‘प्रिकी’. थोडंसं म्हणायचं तर ‘बीकी’. आणि ऑपरेशन कितीही मोठं असो, नातेवाईक धीर देताना त्याचंही ‘ओपरासीकी’ करून टाकतात. आपला प्रवास बरोबर उलट. आपल्याकडे चार टाके पडले की ‘पोट फाडलं’ होतं, आणि सलाईनच्या एका बाटलीची चार दिवसांत ‘मरणाच्या दारातून परत आणलं’ इथवर वाढ होते. दोन्हींत तेवढंच खोटं आहे. ते घाबरू नये म्हणून लहान करतात, आपण कुणीतरी लक्ष द्यावं म्हणून मोठं करतो.

वडीलधाऱ्यांना तोंडावर ‘तुम्ही’ म्हणण्याऐवजी पुष्कळ घरांत नात्याचा शब्दच पुन्हा पुन्हा घालतात. नर्स म्हाताऱ्या बाईला विचारते, “तानीनं तानीच्या गोळ्या प्यायल्या का?” नवखा माणूस खोलीत दुसरी तानी कुठे आहे ते शोधतो. आणि हो, गोळ्या तिथे पितात. आपण खातो. मराठी रोग्याला या आदरार्थी गोंधळाचं नवल वाटायचं कारण नाही. ज्यांचे डॉक्टर “आपलं पोट साफ होतंय ना?” असं विचारत पोटाची निम्मी जबाबदारी स्वतःकडे घेतात, त्यांना ही तानी परकी वाटत नाही.

आजारांची नावं मात्र त्या लोकांनी कसलाही आडपडदा न ठेवता ठेवली आहेत. आपण मधुमेह म्हणून संस्कृतच्या शालीत गुंडाळतो, ते ‘सायकरसीक्ता’ म्हणतात, सरळ साखररोग. गालगुंडाला ‘पाम्पुंकीस’ म्हणजे छोटे छोटे भोपळे, आणि आजारी पोराच्या गालाकडे पाहिलं की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. धनुर्वाताला ‘जबड्यातला चिमटा’, अपेंडिक्सला ‘आंधळं आतडं’. बद्धकोष्ठ झालेल्या माणसाला ‘हार्टलेविख’, कठीण देहाचा. आणि जुलाब लागले तर म्हणायचं, ‘मेय माख वेर्क’, माझं पोट काम करतंय. हृदय काम करतंय ही आनंदाची बातमी, मेंदू काम करतोय ही अभिमानाची, पण पोट काम करायला लागलं की तिथे माणूस रजा घेतो.

सगळ्यांत जपून राहावं ते एका अक्षरासाठी. स्ट्रॉबेरीला आफ्रिकान्समध्ये ‘आर्बेया’ म्हणतात आणि मूळव्याधीला ‘आम्बेया’. जवळच्या स्टेलेनबोशच्या परिसरात हंगामात रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकायला असतात, आणि परक्या गिऱ्हाइकानं पावशेर मूळव्याध मागितली की विकणारी मुलगी तोंड फिरवून हसते. मला काळजी वाटते ती कोकणच्या लोकांची. ही काही कल्पनेतली माणसं नव्हेत. रत्नागिरी-रायगडच्या गावांमधून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणी मुसलमान कुटुंबं केप टाउनला जाऊन स्थिरावली, त्यांच्या बोलीचा तिथल्या भाषाशास्त्रज्ञांनी अभ्यासही केला आहे. हापूसच्या मुलखातून नुकत्याच उतरलेल्या त्या पहिल्या माणसाच्या कानावर दवाखान्यात ‘आम्बेया’ पडलं असेल, तेव्हा त्याच्या तोंडाला सुटलेल्या पाण्याचा विचार करून मला अजून वाईट वाटतं.

आता जरा गंभीर व्हायला हरकत नाही. आफ्रिकान्स माणसाला चटका बसला की तो ‘एइना!’ म्हणून ओरडतो. आपण आईला बोलावतो तसं. आफ्रिकान्स डचमधून निघालेली, पण हा उद्गार डचांचा नाही. तो केपचे मूळ रहिवासी असलेल्या खोइ लोकांच्या भाषेतून आला असं मानतात. पुढे ‘बाया सीर’ म्हणतात, फार दुखतंय. (बाया म्हणजे खूप. आपल्या बायांचा संबंध नाही.) हे ‘बाया’ मलायमधून आलं. डच ईस्ट इंडिया कंपनीनं १६५२मध्ये केपला ठाणं वसवल्यानंतर इंडोनेशिया, मादागास्कर आणि आपल्या बंगाल-मलबारच्या किनाऱ्यांवरून माणसं गुलाम करून तिथे नेली, त्यांच्या तोंडून ते रुळलं. उरलेलं ‘सीर’ तेवढं डच. आणि ज्यांचा ‘एइना’, त्या खोइंचं काय झालं? १७१३ साली कंपनीच्या जहाजांवरचे मळके कपडे धुवायला किनाऱ्यावर आले, त्यांतून देवी पसरल्या आणि त्या साथीत खोइ लोकांचा फार मोठा संहार झाला. मालकांनी जमीन घेतली, गुरं घेतली आणि ओरडायचा शब्दही घेतला. १९२५ साली ही भाषा सरकारी कामकाजाची झाली, पुढे सत्तेची आणि सक्तीची झाली. पण बोट दारात सापडलं की आजही गोरा, कलर्ड, श्रीमंत, गरीब सगळे खोइ भाषेतच ओरडतात.

औषधांच्या बाबतीत आपलं आणि त्यांचं गोत्र एकच आहे. घरगुती उपायांना ते ‘बूरराता’ म्हणतात, आणि प्रत्येक तानीकडे त्यांचा साठा असतो. सेडरबर्गच्या डोंगरातला रॉयबोस चहा पोटापासून कातडीपर्यंत कशालाही चालतो. बूखू नावाच्या झुडपाची पानं ब्रँडीत मुरवून ठेवायची, ती मूत्रपिंडासाठी. ब्रँडी असल्यामुळे मूत्रपिंडाची काळजी घेणारे पुरुष तिथे पुष्कळ. आणि जुन्या औषधपेटीतली एक वस्तू हुंगून तर मी थक्क झालो. पोटातल्या मुरड्यावर आणि तान्ह्याच्या वायूवर वापरायचं हे औषध. त्याचं नाव ‘डायवल्सड्रेक’, सैतानाची विष्ठा. तो आपला हिंग होता. वरणाच्या फोडणीत घालतो तोच, बाळाच्या बेंबीभोवती आजी लावते तोच. मी ओमना सांगितलं की आम्ही हे रोज जेवतो. ओमनी पहिल्यांदाच माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

म्हणून हे लोक आधुनिक वैद्यकात मागे आहेत असं कुणी समजू नये. माणसातलं पहिलं हृदयरोपण केप टाउनच्याच ग्रूट शूर रुग्णालयात ३ डिसेंबर १९६७ रोजी झालं. करणारे डॉक्टर ख्रिस्तियान बर्नार्ड हे कारू नावाच्या रखरखीत प्रदेशातल्या ब्यूफोर्ट वेस्ट गावचे, आफ्रिकान्स घरातले. त्यांच्या स्वतःच्या बोटांचे सांधे संधिवातानं दुखत, आणि अखेर त्यापायी १९८३मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया सोडली. दुसऱ्याचं काळीज बदलणाऱ्या माणसालाही हात दुखतो म्हणायला तोच एक शब्द होता, सीर.

एवढं शिकून मी खऱ्या दवाखान्यात गेलो तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, डॉक्टर ‘नोउ-नोउ’ येतील. ‘नोउ’ म्हणजे आता. दोनदा म्हटल्यामुळे ते अधिक लवकर होईल असा परक्याचा समज होतो. प्रत्यक्षात ‘आता-आता’ म्हणजे थोड्या वेळानं, आणि नुसतं ‘नेतनोउ’ म्हणजे त्याच्याही नंतर, दिवस मावळायच्या आत कधीतरी. ‘आत्ता पाच मिनिटांत आलो’ म्हणून गेलेल्या इलेक्ट्रिशियनची ज्यानं पुण्यात वाट पाहिली आहे, त्याला यात शिकण्यासारखं काही नव्हतं. बाकावर शेजारी एक तानी बसल्या होत्या. मी विचारलं, कुठे दुखतंय? त्या आधी म्हणाल्या, “नी, खूत.” मी विश्वास न ठेवता पाहत राहिलो. मग त्यांनी गुडघा दाखवला, दुसरा गुडघा दाखवला, सुनेचा स्वभाव सांगितला आणि शेवटी म्हणाल्या, आज फार ‘फ्रॉत’ वाटतंय. फ्रॉत म्हणजे कुजकं. मी ‘फुइतॉख’ म्हणालो, म्हणजे अरेरे, बिचारी. त्या शब्दासाठी बाईंनी वर्गात एक संपूर्ण संध्याकाळ दिली होती. त्यांचं म्हणणं होतं की रोग्याला निदान डॉक्टर देतो, बाकीच्यांनी ‘फुइतॉख’ वेळेवर म्हणावं. तानी खुलल्या. वेदनेला गुण द्यायला सांगितले असते तर त्या क्षणी त्यांनीही साडेसात दिले असते. माणूस तिथला असो की सातारचा, फक्त कुणी विचारणारं हवं, आणि त्याच्या भाषेत विचारणारं हवं.

हे तिथल्या वैद्यकीय शिक्षणानं ओळखलं आहे. वेस्टर्न केप प्रांताच्या राजभाषा तीन, आफ्रिकान्स, इंग्रजी आणि खोसा. केप टाउन विद्यापीठात डॉक्टर होणाऱ्या मुलांना रोग्याशी आफ्रिकान्समध्ये आणि खोसामध्ये बोलायला शिकवतात. आपल्याकडेही २०१९पासून एमबीबीएसच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेचे तास आले आहेत. देशभरातून मुलं महाराष्ट्रातल्या कॉलेजांत येतात, केरळच्या नर्स तर आपल्या इस्पितळांचा कणाच आहेत. ‘आजी, कुठे दुखतंय?’ हे त्या कुठल्याही पुस्तकाआधी स्वतःच शिकतात. अडतं ते उत्तर आल्यावर. आजी म्हणते, “दुखत नाही गं, कसंतरी होतंय.” या ‘कसंतरी’त पित्तापासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही असू शकतं, आणि ते कुठल्याच प्रश्नावलीत सापडत नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणी नवी डॉक्टर किंवा नर्स आली आणि मराठी शिकवा म्हणाली, तर ‘तुमचं नाव काय’वर तिचे दिवस घालवू नका. कळ, ठणका, जळजळ आणि कसंतरी होणं, एवढं आधी शिकवा. नाव केसपेपरवर लिहिलेलंच असतं.